नाकाबंदीवर गाडी थांबते तेव्हा

खुलताबादचं पठार सोडून वेरूळकडे उतरणारा घाट दिवसा डोळ्यांना सुखावतो. रात्री मात्र तोच घाट चालकाची परीक्षा घेतो. वळणं आहेत, उतार आहे आणि अंधारही आहे. या रस्त्यावर घृष्णेश्वराला निघालेल्या भाविकांच्या बस असतात, लेणी पाहायला आलेल्या टुरिस्ट गाड्या असतात, काळीपिवळ्या असतात, शेतमालाचे टेम्पो असतात आणि घरी परतणारे दुचाकीस्वार असतात. थर्टी फर्स्टला त्यात म्हैसमाळच्या थंडीत पार्टी करून उतरणाऱ्यांची भर पडते. अशा रस्त्यावर नशेतला एकच चालक दहा-वीस जणांचा जीव धोक्यात घालू शकतो. म्हणून नाकाबंदी लागते आणि ती लागायलाच हवी.

पण बॅरिकेडपाशी जे घडतं, त्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. कुणाला वाटतं, फुंकायला नकार दिला की पोलीस काही करू शकत नाहीत. कुणाला वाटतं, पोलिसांनी हात दाखवला की आपले सगळे हक्क संपले. कुणी खिशातून नोटा काढून ‘साहेब, इथेच मिटवा’ म्हणतो. तिन्ही समज चुकीचे आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मद्यचाचणीची प्रत्येक पायरी लिहून ठेवलेली आहे. ती चालकाला जेवढी बांधते तेवढीच पोलिसालाही बांधते. मला सांगायचं आहे ते एवढंच, की या पायऱ्या नीट पाळल्या गेल्या तर न प्यालेला माणूस नाहक अडकत नाही आणि प्यालेला माणूस कागदातल्या चुकीमुळे सुटत नाही. चालकाचे हक्क आणि रस्त्याची सुरक्षितता यांच्यात भांडण नाही.

३० हा आकडा

अधिनियमाचं कलम १८५ नशेत वाहन चालवण्याबद्दल आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे २०१९च्या दुरुस्तीने आले. त्याआधी ते २,००० आणि ३,००० होते.

मर्यादेलाही इतिहास आहे. १९३९च्या जुन्या कायद्यात चालकाचा गाडीवरचा ताबा सुटण्याइतकी नशा सिद्ध करावी लागे. १९८८चा कायदा आला तेव्हा रक्तात अल्कोहोलचा अंश सापडला तरी गुन्हा होई. १९९४च्या दुरुस्तीने ३० मिलिग्रॅमची रेषा आखली. ब्रिटनने १९६७ साली ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, इंग्लंडमध्ये ती आजही तेवढीच आहे. स्वीडनमध्ये ती २० आहे. म्हणजे आपला कायदा जगातल्या कडक कायद्यांत मोडतो.

हे ३० मिलिग्रॅम प्रत्यक्षात किती? आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमधून सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्याने ढोबळमानाने ५० मिलिग्रॅमपर्यंत पातळी जाऊ शकते. पाच टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ही पातळी ६०च्या आसपास नेते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने पातळी आणखी वर जाते. ‘एकच तर घेतली’ हे वाक्य म्हणून फसवं आहे. एका लार्ज पेगलाही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

उतरण्याचा वेग मात्र फार संथ असतो. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने अल्कोहोल काढून टाकतं. काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबू यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. रात्री दहाला सुरुवात करून सहा स्मॉल पेग घेतलेला तोच ६० किलोचा माणूस पहाटे पाचला दर्शनाला निघाला, तर त्याच्या रक्तात अजूनही ४०-४५ मिलिग्रॅम असू शकतात. त्याला झोप झाल्यासारखी वाटेल, बोलणंही नीट असेल, पण कायद्याच्या दृष्टीने तो नशेतला चालक आहे. अर्थात हे हिशेब अंदाजाचे आहेत. वजन, जेवण, प्रकृती यांनुसार ते बदलतात. त्यांच्या भरवशावर गाडीची किल्ली फिरवू नये.

दारूशिवाय इतर नशाही कलम १८५मध्ये येतात. तिथे मिलिग्रॅमचा आकडा नाही. अमली पदार्थाच्या अमलामुळे वाहनावर नीट ताबा ठेवता येत नव्हता, हे दाखवावं लागतं. श्वासाच्या यंत्रात अमली पदार्थ दिसत नाहीत, म्हणून तिथे वैद्यकीय तपासणीला महत्त्व येतं.

थांबवणं वेगळं, चाचणी वेगळी

गणवेशातल्या पोलिसाने इशारा केला की गाडी थांबवायची, यात वाद नाही. वाहतूक नियंत्रित करणाऱ्या पोलिसाच्या सूचना पाळणं बंधनकारक आहे. कलम १३०नुसार त्याने मागितल्यावर परवाना दाखवणंही बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अॅपमधली कागदपत्रं चालतात. केंद्रीय नियमांत २०१८ साली तशी सोय झाली. परवाना घरी राहिला म्हणून घाबरायचं कारण नाही, मोबाइल चार्ज असला म्हणजे झालं.

श्वासचाचणी ही पुढची पायरी आहे. तिची चौकट कलम २०३मध्ये आहे. गणवेशातला पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकृत अधिकारी चालकाला श्वासाचा नमुना द्यायला सांगू शकतो. त्यासाठी अट एक आहे. चालकाने कलम १८५चा गुन्हा केला असावा, असा संशय घ्यायला वाजवी कारण हवं. तोंडाला येणारा वास, गाडीची नागमोडी चाल, अडखळतं बोलणं, तांबारलेले डोळे ही अशी कारणं झाली. चाचणी त्याच जागी किंवा जवळपास व्हायला हवी.

याचा अर्थ आपला कायदा संशयावर आधारलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९८२पासून पोलीस कोणत्याही चालकाला कारणाशिवाय फुंकायला सांगू शकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये मिशिगन राज्यातल्या खटल्यात सरसकट तपासणी नाक्यांना मान्यता दिली. आपल्या कलम २०३मध्ये मात्र संशयाची अट आजही आहे. म्हणून चांगला अधिकारी आधी काच खाली करायला सांगतो, दोन वाक्यं बोलतो, माणसाचा अंदाज घेतो आणि मगच यंत्र पुढे करतो. चालकाने ‘साहेब, कशामुळे शंका आली?’ असं शांतपणे विचारणं हा उद्धटपणा नव्हे.

या कलमात गणवेशाची अट आहे, हेही ध्यानात ठेवावं. साध्या कपड्यातला माणूस यंत्र घेऊन पुढे आला तर त्याला ओळखपत्र विचारावं आणि गणवेशातल्या अधिकाऱ्याची मागणी करावी. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचावी. अटक करणाऱ्याने स्वतःच्या नावाची स्पष्ट दिसणारी ओळख धारण करावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या डी. के. बसू खटल्यात सांगितलं. तेच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ही संहिता १ जुलै २०२४पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली.

गाडी कुठे थांबवायची, हाही जिवाचा प्रश्न आहे. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूरजवळ जांबरगाव इथे समृद्धी महामार्गावर भाविकांची मिनीबस ट्रकवर आदळली आणि १२ जण मृत्युमुखी पडले. तपासणीसाठी तो ट्रक महामार्गावर थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. थांबण्याचा इशारा मिळाला की इंडिकेटर द्यावा, गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला, शक्यतो उजेडात घ्यावी. घाटाच्या वळणावर कुणी थांबवलंच तर ‘थोडं पुढे, मोकळ्या जागेत घेतो’ असं सांगावं. हे पोलिसांच्याही हिताचं आहे, कारण गाड्यांमध्ये उभे तेच असतात.

यंत्रात काय होतं

श्वासावरून दारू मोजणारं ‘ब्रेथलायझर’ हे यंत्र अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले पोलीस अधिकारी रॉबर्ट बोर्केनस्टीन यांनी १९५४ साली बनवलं. आज पोलिसांच्या हातात दिसणारी छोटी यंत्रं बहुधा फ्युएल सेलवर चालतात. श्वासातलं अल्कोहोल प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पोहोचलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. अल्कोहोल जितकं जास्त, तितका प्रवाह जास्त. रक्तातलं अल्कोहोल फुप्फुसात हवेत मिसळतं आणि रक्त व श्वास यांतलं प्रमाण साधारण २१०० ला १ धरलं जातं. त्यावरून यंत्र रक्तातल्या पातळीचा आकडा दाखवतं.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे श्वास खोलवरचा हवा, फुप्फुसाच्या तळाचा. म्हणून अधिकारी ‘थांबू नका, फुंकत राहा’ म्हणतो. दुसरी गोष्ट तोंडात उरलेल्या अल्कोहोलची. नुकतीच चूळ भरलेलं माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध यांमुळे आकडा क्षणभर फुगू शकतो. हा परिणाम साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो. असं काही घेतलं असेल तर ते लगेच सांगावं आणि थोड्या वेळाने दुसरा नमुना घ्यायची विनंती करावी. कायद्यात ‘एक किंवा अधिक नमुने’ असा उल्लेख आहेच. तिसरी गोष्ट म्हणजे आधीच्या माणसाचा श्वास यंत्रात उरलेला नको. फुंकण्याची नळी प्रत्येकासाठी नवी हवी आणि आधी यंत्र शून्य दाखवतं का, ते पाहायला हवं. अशा कोऱ्या चाचणीत शून्य न दाखवणाऱ्या यंत्राच्या आकड्यावर विसंबता येत नाही, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२५मध्ये स्पष्ट केलं.

यंत्राबद्दल कायद्याचीही अट आहे. केंद्र सरकारने राजपत्रात मान्यता दिलेल्या प्रकारचंच यंत्र हवं. चालकाने यंत्रावरचा आकडा स्वतः पाहावा, वेळ पाहावी, छापील पट्टी निघत असेल तर तिच्यावरचं नाव, गाडी क्रमांक आणि वेळ बरोबर आहे का ते वाचूनच सही करावी. कोऱ्या कागदावर सही मुळीच करू नये. आकडा वाचताना एकक बघावं. काही यंत्रं ‘३०’ दाखवतात, काही टक्केवारीत ‘०.०३’ दाखवतात. दोन्हींचा अर्थ एकच. गुन्हा होतो तो ३०च्या वर गेल्यावर, बरोबर ३०ला नव्हे.

नकार दिला तर

‘फुंकणार नाही’ म्हटल्याने सुटका होते, हा समज महागात पडतो. चालकाने नकार दिला आणि त्याच्या रक्तात अल्कोहोल असल्याचा वाजवी संशय असेल, तर कलम २०३खाली पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पोलीस ठाण्यात त्याला रक्ताचा नमुना द्यायला सांगता येतं. शिवाय कलम २०५ आहे. सबळ कारणाशिवाय चाचणी नाकारली, तर तो नकार सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानला जाऊ शकतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३)प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, मग श्वास आणि रक्त कसं मागता येतं, असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचं उत्तर तत्कालीन मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या काठी कालू ओघड खटल्यात सापडतं. १९६१मध्ये ११ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. २०१०मध्ये सेल्वी खटल्यात नार्को चाचणी सक्तीने करायला न्यायालयाने मनाई केली, पण शारीरिक पुरावा आणि मनातली माहिती यांतला फरक कायम ठेवला. श्वास आणि रक्त हे शारीरिक पुरावे आहेत. तोंडी कबुलीची गोष्ट वेगळी. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. ‘किती घेतली?’ या प्रश्नावर गोष्ट रचायची गरज नाही आणि वाद घालायचीही नाही. नाव, पत्ता, परवाना द्यावा आणि यंत्रात फुंकावं. ज्याने दारू घेतलेली नाही, त्याचा सर्वांत मोठा बचाव यंत्राचा तो आकडाच असतो.

अटकेनंतरचे दोन तास

चाचणीत अल्कोहोल दिसलं तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. इथून पुढे चालकाचे हक्क सर्वांत जास्त महत्त्वाचे ठरतात, आणि नेमके इथेच ते सर्वांत कमी ठाऊक असतात.

कलम २०२ सांगतं, की कलम १८५खाली अटक केलेल्याची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ती झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. ही मुदत अटकेच्या वेळेपासून मोजतात. वेरूळच्या संदर्भात हिशेब मांडून पाहा. वेरूळ खुलताबाद पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं आणि खुलताबादचं ग्रामीण रुग्णालय चार-पाच किलोमीटरवर आहे. तिथे रात्री डॉक्टर हजर असतील तर दोन तास पुरून उरतात. पण तिथून शहरातल्या घाटी रुग्णालयात न्यायची वेळ आली, तर जवळपास ३० किलोमीटरचा रस्ता, वाटेत दौलताबादची कोंडी आणि रुग्णालयातली रांग यांत दोन तास सहज सरतात. म्हणून अटकेची वेळ कागदावर अचूक नोंदली जाणं चालकाला जसं हवं, तसं पोलिसांनाही हवं. आणि हेही समजून घ्यावं, की दोन तास उलटले म्हणून झालेली सुटका म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे. श्वासचाचणीचा निकाल पुरावा म्हणून ग्राह्य आहे आणि खटला पुढे चालू शकतो.

ठाण्यात पोहोचल्यावर अटक झालेल्याला तिथे पुन्हा श्वासाचा नमुना देण्याची संधी मिळाली पाहिजे. कलम २०३मध्येच हे लिहिलेलं आहे. रस्त्यावरच्या आकड्याबद्दल शंका असेल तर ही संधी मागून घ्यावी.

बाकीचे हक्क प्रत्येक अटकेला लागू आहेत. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे. अटकेचा मेमो केला पाहिजे. घरच्या माणसाला किंवा मित्राला कळवलं पाहिजे. वकिलाला भेटता आलं पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे. कलम १८५चा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन द्यायला तयार असलेल्या माणसाला तो मिळणं हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीतली व्यक्ती आणि कोणतीही स्त्री यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा मदतीचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.

स्त्री चालकांसाठी आणखी दोन तरतुदी आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतली तरच ती करता येते. कलम २०४खाली रक्त घेणारा डॉक्टर पुरुष असेल, तर नमुना घेताना दुसरी स्त्री तिथे हजर असावीच लागते.

अपघातात जखमी होऊन दवाखान्यात दाखल झालेल्या चालकाचा नमुना घेण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवावं लागतं. उपचारात बाधा येईल असं त्या डॉक्टरने सांगितलं तर नमुना मागता येत नाही. तो दाखल आहे तोवर कलम २०३खाली अटकही होत नाही.

रक्ताची बाटली

श्वासाच्या यंत्रापेक्षा रक्ताची चाचणी न्यायालयात वजनदार ठरते, पण नमुना नीट घेतला तरच. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली १९५९ साली केलेले रक्तचाचणीचे नियम आहेत. त्यांत बारकाईने लिहिलं आहे, की नमुना घेताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये, त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी, सुमारे पाच घनसेंटिमीटर रक्त शिरेतून घ्यावं, ते रक्त गोठू नये आणि नासू नये अशी द्रव्यं असलेल्या कुपीत भरावं आणि कुपी सीलबंद करावी. दवाखान्यात सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवायची सवय सगळीकडे आहे. दारूच्या तपासणीत तो बोळा चालत नाही. चालकाने ते डोळे उघडे ठेवून पाहावं आणि स्पिरिट लावलं जात असेल तर तिथेच सांगावं. कुपीवर आपलं नाव आणि वेळ लिहिली गेली का, सील आपल्यासमोर लागलं का, हेही पाहावं. त्यानंतरची तपासणी सरकारच्या किंवा सरकारमान्य प्रयोगशाळेतच व्हावी लागते.

ही साखळी तुटली की काय होतं, ते महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलं. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. रक्ताच्या एका कुपीवर मृतांच्या कुटुंबांचा न्याय अवलंबून असतो. सीलबंद नमुन्याचा नियम जितका आरोपीच्या रक्षणासाठी आहे, तितकाच बळी पडलेल्यांसाठीही आहे.

न्यायालयांनी पुरावा किती काटेकोर मागितला, हेही पाहण्यासारखं आहे. बच्चूभाई हसनअली कार्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणं एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. तिथे रक्त किंवा लघवीची तपासणी झालेली नव्हती. दुसरीकडे नोव्हेंबर २००६मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फूटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली मृत्यू झाला. अॅलिस्टर परेरा याच्या त्या खटल्यात रक्तातलं अल्कोहोल प्रयोगशाळेच्या अहवालाने समोर आलं. उच्च न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये कायम केली. काटेकोर पुरावा असला की न्याय होतो, नसला की शंकेचा फायदा दिला जातो.

चावी, परवाना आणि गाडी

गाडी थांबताच चावी हिसकावून घ्यायचा अधिकार अधिनियमात कुठेही दिलेला नाही. अटक झाली तर गोष्ट वेगळी. तेव्हा गाडीची तात्पुरती व्यवस्था लावायचा अधिकार कलम २०२ पोलिसाला देतं. गाडीत न प्यालेला, परवानाधारक सोबती असेल तर गाडी त्याच्या ताब्यात द्यायची विनंती करावी, नाहीतर नातेवाइकाला बोलवावं. तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१मध्ये हाच मार्ग घालून दिला. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी वकील इथेही त्याचा आधार घेऊ शकतात. नशेतल्या चालकाला मात्र पुन्हा स्टिअरिंगवर बसू देणं कुणाच्याच भल्याचं नाही.

परवाना जप्त करून तो परिवहन कार्यालयाकडे पाठवायचा अधिकार २०१९च्या दुरुस्तीने पोलिसांना दिला आहे. त्या वेळी पोच द्यावीच लागते. ती पोच जपून ठेवावी. पण तिच्यावर गाडी चालवता येत नाही, हे काळीपिवळी आणि टुरिस्ट गाड्यांच्या चालकांनी नीट ध्यानात घ्यावं. परवाना निलंबित झाला की त्यांच्या घरची चूल अडते.

जागेवर मिटत नाही

या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. सिग्नल तोडणं, हेल्मेट नसणं अशा बऱ्याच गुन्ह्यांत जागेवर तडजोड शुल्क भरता येतं. कलम २००मध्ये त्यांची यादी आहे. कलम १८५ त्या यादीत नाही. नशेत वाहन चालवल्याचा खटला न्यायालयातच जातो आणि दंड दंडाधिकारीच ठरवतात. तेव्हा ‘दहा हजार भरावे लागतील, पाचमध्ये मिटवू’ असं कुणी म्हणालं, तर ती मागणी बेकायदा आहे. चालकाने स्वतः होऊन नोटा पुढे करणं हाही गुन्हाच आहे. लाच मागितली गेल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते.

प्रसंगाची मोबाइलवर नोंद करता येते का? सार्वजनिक रस्त्यावर तसं करायला सरसकट बंदी नाही. पोलीस ठाण्यात केलेलं चित्रीकरणही शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये म्हटलं. मात्र मोबाइल पोलिसाच्या तोंडासमोर नाचवणं, वाट अडवणं, अर्वाच्य बोलणं यांतून शासकीय कामात अडथळ्याचा नवा गुन्हा अंगावर ओढवतो. नोंद दोन पावलं मागे राहून, शांतपणे करावी.

काहींकडे दारू पिण्याचा सरकारी परवाना असतो. तो पिण्यापुरता आहे, गाडी चालवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि चाचणी टळली म्हणजे सगळं टळलं असंही नाही. अपघात झाल्यावर श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली, तरी चालक प्यालेला होता हे इतर पुराव्यांनी दाखवून विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये दिला.

फलक लावायला काय लागतं?

कायद्यातले हे हक्क पुस्तकात आहेत आणि नाकाबंदी रस्त्यावर आहे. मधलं अंतर सर्वांत जास्त भोवतं ते गरिबाला. मोटारीतल्या माणसाकडे वकिलाचा नंबर असतो. टेम्पोच्या चालकाला किंवा दुचाकीवरच्या मजुराला कलम २०३ कुणी सांगितलेलंच नसतं. तो घाबरतो, पळतो, नाहीतर पैसे देतो. पळताना त्याच घाटात तो स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ अशा ठिकाणी जिथे जिथे मद्यचाचणीची नाकाबंदी लागते, तिथे बॅरिकेडशेजारी मराठीत एक फलक असावा. त्यावर मोजकीच वाक्यं हवीत. मर्यादा ३० मिलिग्रॅम. नळी नवी घ्या, आकडा स्वतः पाहा. चाचणी नाकारल्यास अटक होऊ शकते. अटक झाल्यास दोन तासांत डॉक्टरांची तपासणी आणि जामिनाचा हक्क. दंड फक्त न्यायालयात. खाली १५१०० आणि १०६४ हे दोन क्रमांक. हा फलक वाचलेला चालक पोलिसाशी हुज्जत घालणार नाही आणि फलकाखाली उभ्या असलेल्या पोलिसावर कुणी विनाकारण संशय घेणार नाही. त्यासाठी कायद्यात काही बदलावं लागत नाही. पोलीस ठाण्याने ठरवलं आणि ग्रामपंचायतीने किंवा हॉटेलचालकांनी हातभार लावला, तर येत्या ३१ डिसेंबरच्या आत तो उभा राहू शकतो.